ज्याच्या हट्टापायी जम्बो जेट बनलं, त्याच्याच कंपनीला ते जड गेलं

लिओनार्डो डिकॅप्रिओचा द ॲव्हिएटर बघितला असेल तर विमानांच्या नादापायी वेडा झालेला हॉवर्ड ह्यूज लगेच आठवतो. पण त्या पिक्चरमध्ये एक व्हिलनपण आहे. सुटाबुटातला, कमी बोलणारा, समोरच्याला गोड बोलून गुंडाळणारा. ॲलेक बाल्डविनने त्याचा रोल केलाय.

त्या माणसाचं नाव हुआन ट्रिप. पॅन ॲम या अमेरिकन विमान कंपनीचा मालक म्हणा, कर्ताधर्ता म्हणा, काहीही म्हणा.

पिक्चर ह्यूजचा होता म्हणून ट्रिप व्हिलन झाला, एवढंच. आज मुंबईहून न्यूयॉर्कला इकॉनॉमी क्लासने जाणाऱ्या माणसाच्या आयुष्यात ह्यूजपेक्षा ट्रिपचा हात जास्त आहे. साध्या माणसाला विमानात बसवायचं असेल तर विमान मोठं पाहिजे, एवढा एकच हिशोब तो उभं आयुष्य मांडत बसला. या हिशोबातूनच बोईंग ७४७ म्हणजे आपलं जम्बो जेट जन्माला आलं.

पण एवढं मोठं विमान खरंच कुणाला हवं होतं? विमानतळांना? प्रवाशांना? की फक्त ट्रिपला? हे समजून घ्यायचं तर या गड्याची स्टोरी पहिल्यापासून बघायला लागते.

हुआन ट्रिपचा जन्म २७ जून १८९९ चा. अमेरिकेतल्या न्यू जर्सीमध्ये सी ब्राइट नावाचं गाव आहे तिथला. नाव हुआन असल्यामुळे लोकांना वाटायचं की गडी क्युबाचा नाहीतर व्हेनेझुएलाचा असणार. तसं काही नव्हतं. खानदान मूळचं इंग्रजी वळणाचं, वडील बँकर. घरातल्या हुआनिता नावाच्या एका नातेवाईक बाईंवरून पोराचं नाव ठेवलेलं. पुढे याच नावामुळे लॅटिन अमेरिकेत लोकांनी त्याला आपला माणूस समजलं आणि त्याने तो गैरसमज दूर करायची कधी फारशी घाई केली नाही.

शिकायला होता येलमध्ये. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, तसा याने कॉलेज सोडलं आणि नौदलात वैमानिक झाला. प्रत्यक्ष लढाईवर जायच्या आत युद्धच संपलं. परत येऊन १९२१ मध्ये डिग्री घेतली आणि बाकीच्या श्रीमंत पोरांसारखा वॉल स्ट्रीटवर नोकरीला लागला. तिथे त्याचं मन काय रमलं नाही.

१९२३ मध्ये त्याने नौदलाची भंगारात निघालेली, पाण्यावर उतरणारी विमानं विकत घेतली. एकेकाची किंमत ५०० डॉलर. लाँग आयलंड एअरवेज नावाची कंपनी काढली आणि न्यूयॉर्कच्या पैसेवाल्यांना समुद्रकिनाऱ्यावर सोडायचा धंदा सुरू केला.

आता इथे खरी गंमत आहे. त्या विमानात पायलट सोडून एकच माणूस बसायचा. ट्रिपने जुनं इंजिन काढून जास्त ताकदीचं बसवलं आणि दुसऱ्या माणसाची सोय केली. पायलटचा पगार तोच, फेरी तीच, पण तिकिटं दोन. वडापवाले एक सीट जास्त का बसवतात हे ज्याला कळतं, त्याला ट्रिपचं पुढचं सगळं आयुष्य कळलं म्हणून समजा.

ती कंपनी फार टिकली नाही. मग आली कलोनियल एअर ट्रान्सपोर्ट, न्यूयॉर्क ते बोस्टन टपाल नेणारी. तिथेही याला मोठी विमानं आणि लांबचे रूट हवे होते. भागीदारांना ते परवडणारं वाटलं नाही, ट्रिपला बाहेर पडावं लागलं.

पण बाहेर पडताना त्याच्या खिशात एक कागद होता. त्याने मधल्या काळात क्युबाला जाऊन तिथले राष्ट्राध्यक्ष मचाडो यांच्याकडून हवानाला विमान उतरवायची परवानगी मिळवून ठेवलेली. १९२७ मध्ये अमेरिकन सरकारने की वेस्ट ते हवाना टपालाचं काम काढलं तेव्हा तीन वेगवेगळे गट मैदानात होते. एकाकडे टपालाचा करार होता, पण क्युबात उतरायचा हक्क ट्रिपकडे. विषय कट. तिन्ही गट एकत्र आले, कंपनी झाली पॅन अमेरिकन एअरवेज आणि कारभार आला २८ वर्षांच्या ट्रिपच्या हातात.

१९ ऑक्टोबर १९२७ पर्यंत पहिलं टपाल गेलं नसतं तर करार रद्द झाला असता. कंपनीची स्वतःची विमानं वेळेत तयार नव्हती. मग दुसऱ्याचं एक विमान आयत्या वेळी भाड्याने घेतलं आणि टपालाच्या पिशव्या हवानाला पोचवल्या. जगातली सगळ्यात नावाजलेली एअरलाईन अशी भाड्याच्या विमानावर सुरू झाली.

पुढच्या दहा वर्षांत ट्रिपने मध्य आणि दक्षिण अमेरिकेला पॅन ॲमच्या रूट्सचं जाळं घातलं. एकट्याने अटलांटिक पार करून जगभर गाजलेला चार्ल्स लिंडबर्ग त्याने सल्लागार म्हणून सोबत घेतला. १९२८ मध्ये बेटी स्टेटिनियसशी लग्न केलं. तिचा भाऊ एडवर्ड पुढे अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री झाला. ओळखी कशा वापरायच्या याची ट्रिपला उपजतच समज होती. त्याच्या ऑफिसात एक जुना मोठा ग्लोब असायचा. त्यावर दोरा ताणून तो शहरांमधली अंतरं मोजत बसायचा आणि पुढचा रूट ठरवायचा. मनात काय चाललंय ते मात्र कुणालाच सांगायचा नाही, बोर्डातल्या लोकांनापण नाही.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. विमान मोठं करायचं म्हटलं की पहिली अडचण विमानाची नसतीच, ते उतरवायचं कुठे ही असते. जड विमानाला लांब आणि मजबूत धावपट्टी लागते. १९३० च्या आसपास जगात अशा धावपट्ट्या होत्याच कुठे? ट्रिपने यावर साधा तोडगा काढला. समुद्र वापरायचा. पाण्यावर उतरणारी विमानं घेतली की धावपट्टीचा खर्चच नाही, आणि जवळपास प्रत्येक मोठ्या शहराला बंदर असतंच.

म्हणून पॅन ॲमच्या उडत्या बोटी आल्या. जुन्या शिडाच्या वेगवान जहाजांवरून त्यांना क्लिपर म्हणायला सुरुवात झाली. १९३१ चं सिकोर्स्कीचं विमान ३८ माणसं न्यायचं. १९३५ मध्ये मार्टिन कंपनीचं चायना क्लिपर आलं. २२ नोव्हेंबर १९३५ ला ते टपाल घेऊन सॅन फ्रान्सिस्कोहून निघालं आणि होनोलुलू, मिडवे, वेक, ग्वाम असे टप्पे घेत आठवड्याभराने मनिलाला पोचलं.

यातलं वेक म्हणजे पॅसिफिकच्या मधोमध असलेलं निर्मनुष्य बेट. प्यायला गोडं पाणीसुद्धा नाही. पॅन ॲमने जहाज भरून सामान आणि माणसं पाठवली, विमानांना उतरता यावं म्हणून पाण्यातले प्रवाळाचे खडक सुरुंग लावून उडवले आणि तिथे हॉटेल उभारलं. एका विमानासाठी अख्खं बेट बदलून टाकलं. विमानाला विमानतळाच्या मापात बसवायचं नाही, विमानतळ विमानाच्या मापाचा करायचा, ही ट्रिपची पद्धत तेव्हाच पक्की झाली.

अर्थात हे सगळं श्रीमंतांसाठीच होतं. सॅन फ्रान्सिस्को ते मनिला एका बाजूचं तिकीट ७९९ डॉलर. तेवढ्यात तेव्हा फोर्डची कोरी गाडी येऊन वर पैसे उरायचे. १९३९ मध्ये बोईंग ३१४ घेऊन पॅन ॲमने अटलांटिकवर प्रवासी सेवा सुरू केली. ७४ सीटांची सोय, आत जेवणाचा हॉल, झोपायला बर्थ. तिकीट ३७५ डॉलर. सामान्य माणूस बंदरावर उभा राहून फक्त बघायचा.

त्याच वर्षी एक राडा झाला. ट्रिपचा खर्च आणि गुपचूप कारभार याला वैतागून बोर्डाने त्याचा जुना मित्र कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट व्हिटनी याला वर बसवलं. ट्रिपने भांडण केलं नाही, राजीनामा दिला नाही. फक्त गप्प बसला. कुठला करार कुणाशी झालाय, कुणाला काय शब्द दिलाय, हे सगळं त्याच्या डोक्यात, कागदावर काही नाही. नव्या साहेबाला कंपनी चालवायची म्हणजे काय ते कळेना. वर्षाच्या आत सूत्रं पुन्हा ट्रिपकडे.

दुसऱ्या महायुद्धाने उडत्या बोटींचा जमाना संपवला, कारण सैन्याने जगभर सिमेंटच्या लांब धावपट्ट्या करून ठेवल्या होत्या. जमिनीवर उतरणारी मोठी विमानं आता कुठेही जाऊ शकत होती. १९४७ मध्ये पॅन ॲमने जगाला फेरी मारणारी सेवा काढली, तिच्या वाटेत आपलं कलकत्तासुद्धा होतं.

ट्रिपला अमेरिकेच्या परदेशी विमान वाहतुकीची मक्तेदारी हवी होती. सिनेटर ब्रूस्टर त्याच्या बाजूने विधेयक घेऊन आला, समोर टीडब्ल्यूए कंपनीचा मालक हॉवर्ड ह्यूज उभा राहिला. द ॲव्हिएटरमधली ती गाजलेली सुनावणी याच भांडणाची. ह्यूज जिंकला, विधेयक बारगळलं. जाता जाता सांगायचं तर त्याच १९४७ मध्ये ह्यूजने स्वतःचं लाकडी महाकाय विमान उडवून दाखवलं. पंखांची रुंदी ९७ मीटरच्या वर. ते आयुष्यात एकदाच उडलं, तेही साधारण दीड किलोमीटर. मोठं विमान बनवणं वेगळं आणि त्यात रोज माणसं भरणं वेगळं, हा फरक या दोघांच्या नशिबातून नीट दिसतो.

ट्रिपचा सगळा डोळा माणसं भरण्यावर होता. युद्ध संपताच त्याने न्यूयॉर्क-लंडनसाठी २७५ डॉलरचं तिकीट जाहीर केलं. ब्रिटिश सरकार खवळलं. बाकीच्या एअरलाईन्सनी दर आपसात बांधून घेतलेले, त्यांना हे स्वस्त तिकीट घशात अडकलं. बरीच वर्षं घासाघीस चालली आणि शेवटी मे १९५२ मध्ये अटलांटिकवर टुरिस्ट क्लास सुरू झाला. आपण आज ज्याला इकॉनॉमी म्हणतो आणि गुडघे समोरच्या सीटला लागले की ज्याला शिव्या देतो, तो हाच.

मग आलं जेट. बोईंगकडे ७०७ होतं, पण ट्रिपला ते लहान वाटत होतं. न थांबता अटलांटिक पार करेल एवढी त्याची ताकद नव्हती. बोईंग बदल करायला तयार नाही, डग्लस कंपनीही हो म्हणेना. ट्रिपने काय करावं? विमान अस्तित्वातच नसताना प्रॅट अँड व्हिटनीकडून नवीन ताकदवान इंजिनं विकत घ्यायचा सौदा केला. आता इंजिनं ट्रिपकडे, ज्याला मोठं विमान विकायचंय त्याने यावं. डग्लसने मान डोलावली. ऑक्टोबर १९५५ मध्ये पॅन ॲमने जाहीर केलं की डग्लसची २५ आणि बोईंगची २० विमानं घेतोय, एकूण २६ कोटी ९० लाख डॉलर. जास्त विमानं डग्लसची घेतली हे बघून बोईंगचे डोळे उघडले आणि त्यांनी ७०७ मोठं केलं.

२६ ऑक्टोबर १९५८ ला पॅन ॲमचं ७०७ न्यूयॉर्कहून पॅरिसला गेलं. थोड्याच काळात जहाजाने अटलांटिक ओलांडणाऱ्यांपेक्षा विमानाने ओलांडणारे जास्त झाले. पॅन ॲमने जगभर इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलं काढली, न्यूयॉर्कच्या मध्यावर १९६३ मध्ये स्वतःच्या नावाची टोलेजंग इमारत उभी केली. ट्रिपचं तेव्हा सगळंच मनासारखं चाललेलं.

साठच्या दशकात प्रवासी एवढ्या वेगाने वाढत होते की विमानतळांवर गर्दी मावेना. आकाशात विमानं उतरायच्या प्रतीक्षेत घिरट्या घालायची, खाली टर्मिनलमध्ये रांगा. ट्रिपचं म्हणणं असं की विमानांची संख्या वाढवून हे सुटणार नाही. एका विमानात अडीचपट माणसं बसवा, फेऱ्या कमी होतील, एका सीटमागचा खर्च खाली येईल, तिकीट स्वस्त होईल. कागदावर यात चूक काढायला जागा नव्हती.

१९६५ च्या उन्हाळ्यात ट्रिप आणि बोईंगचे प्रमुख बिल ॲलन अलास्काच्या बाजूला मासेमारीला गेले. यॉट होती हॉलिवूडचा हिरो जॉन वेन याची. तिथे गप्पांत ठरलं ते असं, की ॲलनने बनवलं तर ट्रिप विकत घेणार आणि ट्रिप विकत घेणार असेल तर ॲलन बनवणार. दोघेही साठी उलटलेले, रिटायरमेंटला आलेले. हातावर हात मारला आणि दोन कंपन्यांचं भवितव्य पणाला लागलं.

१३ एप्रिल १९६६ ला ऑर्डर जाहीर झाली. २५ विमानं, ५२ कोटी ५० लाख डॉलर. त्या काळातली विमानांची सगळ्यात मोठी ऑर्डर. विमान हातात यायच्या आधीच पॅन ॲमला निम्मी रक्कम हप्त्याहप्त्याने मोजायची होती.

बोईंगकडे हे विमान जुळवायला मावेल एवढा कारखानाच नव्हता. सिॲटलच्या उत्तरेला एव्हरेटमध्ये ७८० एकर जागा घेतली, जंगल तोडलं आणि घनफळाच्या हिशोबात जगातली सगळ्यात मोठी इमारत बांधायला घेतली. एका बाजूला भिंती उभ्या राहतायत आणि दुसऱ्या बाजूला आत विमान जुळतंय, असा कारभार.

डिझाईनची जबाबदारी आली जो सटर या ४४ वर्षांच्या इंजिनिअरवर. कंपनीतली नावाजलेली डोकी तेव्हा आवाजापेक्षा वेगाने जाणाऱ्या विमानावर काम करत होती, कारण पुढचा जमाना त्याचाच असणार हे सगळ्यांनी धरून ठेवलेलं. खुद्द ट्रिपनेही १९६३ मध्ये कॉन्कॉर्डसाठी नाव नोंदवून ठेवलं होतं. ७४७ चं काय, चार दिवस माणसं नेईल आणि मग मालवाहू होईल, असाच सगळ्यांचा अंदाज. म्हणून तर सटरने कॉकपिट वर उचलून ठेवलं, म्हणजे उद्या नाक उघडून समोरून माल भरता येईल. जम्बोच्या डोक्यावरचं ते ओळखीचं कुबड आलंय ते यामुळे.

ट्रिपला मात्र हवं होतं डबलडेकर. दोन मजली अरुंद विमान. सटरला ते पटेना. अपघात झाला तर वरच्या मजल्यावरचे लोक दीड मिनिटात बाहेर कसे काढायचे? सामान कुठे ठेवायचं? त्याने उलटा मार्ग सुचवला. उंच नको, रुंद करू. एका ओळीत मध्ये दोन बोळ. बोईंगचा माणूस २० फुटांची दोरी घेऊन पॅन ॲमच्या ऑफिसात गेला आणि तिथल्या साहेब लोकांसमोर ती ताणून दाखवली, की एवढं रुंद विमान. ती रुंदी बघून लोक चाट पडले. मग लाकडाचे दोन खरोखरच्या मापाचे सांगाडे बनवले, एक दुमजली आणि एक रुंद. ट्रिपने दोन्हींत फिरून बघितलं आणि डबलडेकरचा हट्ट सोडला. आज जगातल्या बहुतेक लांब पल्ल्याच्या विमानांत दोन बोळ असतात, ते त्या दोरीपासून.

कॉकपिटमागे कुबडात थोडी जागा उरत होती. ती विमानातल्या स्टाफला आराम करायला ठेवू असा बोईंगचा विचार. ट्रिपने बघितल्या बघितल्या ती प्रवाशांसाठी मागून घेतली. तिथे गोल जिना चढून जायचं लाउंज झालं. माणूस बसवता येईल अशी जागा दिसली की सोडायची नाही, ही १९२३ ची सवय गेली नव्हती.

७ मे १९६८ ला कंपनीच्या वार्षिक सभेत ट्रिपने अचानक जाहीर केलं की मी थांबतोय. चाळीस वर्षांवर चाललेला कारभार त्याने हॅरॉल्ड ग्रे यांच्याकडे सोपवला. विमान अजून कारखान्याबाहेरसुद्धा आलं नव्हतं. ते बाहेर आलं त्याच वर्षी सप्टेंबरच्या ३० तारखेला आणि पहिल्यांदा उडलं ९ फेब्रुवारी १९६९ ला. म्हणजे बार भरला ट्रिपने आणि कानठळ्या बसल्या मागे राहिलेल्यांच्या.

कारण अडचणी आता सुरू झाल्या. विमान ठरल्यापेक्षा जड झालेलं. त्याला उचलायला इंजिनावर जास्त जोर, आणि इंजिनं तापायला लागली. एव्हरेटच्या आवारात इंजिनांची वाट बघत विमानं उभी होती. पंखांचा तोल राहावा म्हणून इंजिनाच्या जागी काँक्रीटचे ठोकळे टांगलेले.

विमानतळांची तर झोपच उडाली. दरवाजा जमिनीपासून जवळपास पाच मीटरवर, म्हणजे जुन्या शिड्या बाद. एकदम साडेतीनशे माणसं उतरणार म्हटल्यावर इमिग्रेशनच्या खिडक्या, कस्टम, सामानाचे पट्टे, बसायच्या खुर्च्या, संडास, सगळंच अपुरं. न्यूयॉर्कला पॅन ॲमने १९६० मध्येच छत्रीसारख्या छपराचं झकास टर्मिनल बांधलेलं, तेही वाढवावं लागलं. धावपट्टीचं मात्र सटरने जपलं होतं. विमानाच्या पोटाखाली १६ चाकं देऊन वजन असं वाटलं की सिमेंटवरचा दाब ७०७ पेक्षा फार वाढू नये. थोडक्यात, फेऱ्या कमी होऊन गर्दी घटेल हा ट्रिपचा हिशोब आकाशापुरता बरोबर होता. खाली जमिनीवर तीच गर्दी आता एकाच झटक्यात येऊन आदळणार होती.

२१ जानेवारी १९७० च्या रात्री पहिलं उड्डाण. न्यूयॉर्क ते लंडन. प्रवासी बसले, विमान निघालं आणि इंजिन तापलं. परत आणलं. सगळ्यांना उतरवून तासन् तास ताटकळत ठेवलं आणि क्लिपर व्हिक्टर नावाच्या दुसऱ्या ७४७ मध्ये बसवलं. ते उडलं मध्यरात्रीनंतर पावणेदोनच्या पुढे. या क्लिपर व्हिक्टरचं नाव लक्षात ठेवा.

नेमकं त्याच वर्षी अमेरिकेत मंदी. आणि दुसऱ्या कंपन्यांची अवस्था काय, तर पॅन ॲमकडे जम्बो आहे म्हणून आपल्याकडेही पाहिजे. सगळ्यांनी ऑर्डरी दिल्या. आकाशात सीटाच सीटा, बसायला माणूस नाही. काही कंपन्यांनी रिकाम्या जागेत लाउंज आणि बार केले. अमेरिकन एअरलाईन्सने तर मागे चक्क पियानो ठेवला. पॅन ॲमची गोची सगळ्यात मोठी, कारण तिला अमेरिकेच्या आत विमानं चालवायची परवानगीच नव्हती. म्हणजे छोट्या शहरांतून माणसं गोळा करून जम्बोत आणून बसवायची सोय नाही. १९७३ मध्ये तेल भडकलं आणि उरलीसुरली कंबर मोडली.

पण याच रिकाम्या सीटांनी एक काम केलं. त्या भरायच्या म्हणून तिकिटं उतरली. विद्यार्थी, नोकरदार, लग्न करून परदेशी निघालेल्या मुली, त्यांना भेटायला जाणारे आईबाप, सगळे विमानात दिसायला लागले. अमेरिकेने भारतीयांना दार उघडणारा इमिग्रेशनचा कायदा केला तोही १९६५ मध्येच, ट्रिप मासे धरायला गेला त्या वर्षी. जेआरडी टाटा एअर इंडियाचे अध्यक्ष होते. १९७१ मध्ये कंपनीचं पहिलं ७४७ सम्राट अशोक मुंबईत आलं. खिडक्यांना बाहेरून झरोक्यांची नक्षी रंगवलेली. सांताक्रूझहून परदेशी निघालेल्या आणि सोबत लोणच्याच्या बरण्या बांधून घेतलेल्या पहिल्या मोठ्या पिढीने जम्बो असं बघितलं. १ जानेवारी १९७८ च्या रात्री हेच सम्राट अशोक मुंबईहून उडाल्यावर वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं, २१३ जण गेले.

त्याच्या आदल्या वर्षी क्लिपर व्हिक्टरचा शेवट झाला होता. २७ मार्च १९७७. कॅनरी बेटांवरच्या एका विमानतळावर बॉम्ब फुटला म्हणून विमानं शेजारच्या टेनेरिफ बेटावर वळवली. तिथला विमानतळ छोटा, एकच धावपट्टी. एवढी मोठी विमानं उभी करायला जागा नाही, त्यामुळे बाजूचा रस्ता भरून गेला. केएलएम कंपनीचं ७४७ इंधन भरत पुढे उभं होतं, त्याला वळसा घालून निघण्याएवढी जागा पॅन ॲमच्या जम्बोला मिळाली नाही. मग दोघांना धावपट्टीवरूनच पुढेमागे चालत जायला सांगितलं. दाट धुकं, रेडिओवरचा गोंधळ, आणि वळणं अशी की जम्बोसारख्या विमानाने वळायचं म्हणजे दिव्य. केएलएमच्या पायलटने परवानगी मिळालीय असं समजून वेग घेतला. ५८३ माणसं मेली. आजही विमान वाहतुकीतला तो सगळ्यात भीषण अपघात आहे.

ट्रिप हे सगळं बघत होता. निवृत्तीनंतरही पॅन ॲमच्या इमारतीतल्या ऑफिसात त्याचं जाणं होतं. त्याने उभारलेली ती इमारत कंपनीने कर्जापायी विकायला काढली. पक्षाघाताच्या आजारात ३ एप्रिल १९८१ ला न्यूयॉर्कमध्ये तो गेला. वय ८१. त्याच वर्षी इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलंही विकली गेली. १९८५ मध्ये अमेरिकेने त्याला मरणोत्तर प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम दिलं.

१९८६ मध्ये मुंबईहून निघालेलं पॅन ॲमचं जम्बो कराचीत हायजॅक झालं, प्रवाशांना वाचवताना नीरजा भनोत गेली. १९८८ मध्ये लॉकरबीवर पॅन ॲमच्याच जम्बोत बॉम्ब फुटला. ४ डिसेंबर १९९१ ला पॅन ॲम बंद पडली. कंपनी फक्त ७४७ मुळे बुडाली असं म्हणणं ट्रिपवर अन्याय आहे. सरकारने खुली केलेली स्पर्धा, महाग तेल, दहशतवादी हल्ले, पुढच्या साहेबांचे चुकलेले निर्णय, सगळं त्यात आलं. पण पहिलं ओझं त्या २५ विमानांचंच, हे खरं.

आणि मूळ प्रश्न? तोही ट्रिप गेल्यानंतरच निकालात निघाला. १९८५ पासून दोन इंजिनांच्या विमानांना समुद्रावरून लांब जायची मुभा मिळाली. चार इंजिनांचं पेट्रोलपाणी कुणाला परवडतंय? प्रवाशालाही असं दिसलं की विमान केवढं आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही, त्याला त्याच्या गावाहून, त्याच्या सोयीच्या वेळेला, मध्ये न बदलता जायचंय. दिवसातून एक जम्बो असण्यापेक्षा दोन छोटी विमानं त्याला बरी. एअरबसने तरीही ट्रिपचं जुनं डबलडेकर स्वप्न ए३८० च्या रूपात खरं करून दाखवलं. २००७ मध्ये ते सेवेत आलं आणि २५१ विमानं देऊन २०२१ मध्ये उत्पादन बंद झालं. आपल्याकडे किंगफिशरने पाच मागवली होती, एकही आलं नाही. लंडनच्या हीथ्रोसारख्या ठिकाणी, जिथे विमान उतरवायची वेळ मिळवणंच मुश्किल आहे, किंवा दुबईसारख्या ठिकाणी, जिथे जगभरची माणसं बदलायला उतरतात, तिथे मोठ्या विमानाचा हिशोब आजही बसतो. बाकीच्यांनी फक्त आपले दरवाजे आणि रस्ते रुंद करून ठेवले.

७४७ मात्र सगळ्यांना पुरून उरलं. ज्याच्यापुढे ते चार दिवसांचं पाहुणं समजलं जायचं, ते कॉन्कॉर्ड २००३ मध्ये थांबलं. जम्बो पन्नासपेक्षा जास्त वर्षं बनत राहिलं, एकूण १,५७४. शेवटचं बोईंगने ३१ जानेवारी २०२३ ला ग्राहकाच्या ताब्यात दिलं, आणि ते मालवाहू होतं. एअर इंडियाचं शेवटचं जम्बो, आग्रा नावाचं, एप्रिल २०२४ मध्ये मुंबईहून उडालं आणि सुटे भाग काढून घेण्यासाठी अमेरिकेला गेलं.